खोकला धुळीचा नव्हता

डॉक्टरांनी माझा एक्स-रे दिव्याच्या काचेवर लावला आणि पेनाच्या टोकाने उजव्या फुफ्फुसाच्या वरच्या भागात हवेतच एक गोल काढला. "हा पांढरा ढग दिसतोय? थुंकीचा रिपोर्टही तेच सांगतोय. ट्यूबरक्युलोसिस. टीबी." मग माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, "घरी लहान मुलं आहेत?"

मी म्हटलं, दोन. मुलगी सात वर्षांची, मुलगा चार वर्षांचा. आणि सुनेला सातवा महिना आहे.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.

मुक्ता, सोहम आणि जुई, हे लिहायला कारण मुक्ताच आहे. मागच्या रविवारी व्हिडिओ कॉलवर बोलता बोलता ती म्हणाली, "आजी, एकदा मी शाळेतून आले तेव्हा तू माझ्यावर ओरडली होतीस. मला जवळही येऊ दिलं नव्हतंस. का ते मला कुणी नीट सांगितलंच नाही." नेदरलँड्समधल्या तुमच्या स्वयंपाकघरात मागे कुकरची शिट्टी झाली आणि विषय तिथेच राहिला. फोनवर मला हे नीट सांगता येणार नाही. कागदावर येईल. शाळेच्या ऑफिसात हेडक्लार्क म्हणून तीस वर्षं मी हेच केलं. आणि तुमच्याखेरीज आणखी कुणाच्या घरी असा रिपोर्ट आला असेल, तर त्यांनीही हे वाचावं.

तेव्हा आपण सगळे मुलुंडच्या याच फ्लॅटमध्ये राहत होतो. तुमचे आईबाबा, तुम्ही दोघं आणि मी. जुई पोटात होती. शेजारची इमारत पाडून टॉवर बांधायचं काम सुरू झालं होतं. सकाळी नऊला ड्रिलिंग सुरू व्हायचं आणि संध्याकाळपर्यंत डायनिंग टेबलवर बोटाने नाव लिहिता येईल एवढी धूळ साचायची. आख्खी गल्ली खोकत होती. कुणी खोकलं की दुसरा म्हणायचा, "रिडेव्हलपमेंट." तेवढ्यावर सगळ्यांचं समाधान व्हायचं.

मला शिस्तीची खोड. मी बाजारातून तपकिरी रंगाची रुंद चिकटपट्टी आणली आणि घरातल्या प्रत्येक खिडकीच्या फटी बंद केल्या. कोपरे कात्रीने कापून, पट्टी सरळ रेषेत. तुमचे बाबा म्हणाले, "आई, तू घराचं पार्सल केलंस." मला त्याचाही अभिमान वाटला.

त्याच बंद घरात संध्याकाळी पाच ते सहा मी इमारतीतल्या सहा मुलांना इंग्रजी शिकवत होते. मुक्ता सातवी. मुलं टेबलाभोवती, मी मधे, आणि दर दोन वाक्यांनी खोकला. सहा आठवडे मी कफ सिरप घेतलं. वजन कमी झालं तेव्हा वाटलं, चालण्याचा फायदा झाला. संध्याकाळी अंगात कणकण यायची, ती मी वयाच्या खात्यात टाकली. निदानाच्या आठच दिवस आधी तुमच्या आईचं डोहाळजेवण झालं. मी तिची ओटी भरली, तिच्या तोंडात घास घातला आणि कानाशी तोंड नेऊन नाव घेण्यासाठी उखाणा सांगितला. इतक्या जवळून.

धूळ बाहेर राहावी म्हणून मी पट्ट्या लावल्या आणि जंतू आत कोंडले. ही चूक माझी आहे. ती मी धुळीवर ढकलणार नाही.

डॉक्टरांनी समजावलं ते असं. माझा टीबी पल्मनरी, म्हणजे फुफ्फुसाचा. तो खोकल्यातून, हवेतून पसरतो. ताटवाटीतून नाही, कपड्यांतून नाही. जीन-एक्सपर्ट नावाच्या तपासणीत थुंकीतले जंतू सापडतात आणि मुख्य औषधाला ते दाद देतील की नाही तेही कळतं. माझे दाद देणारे होते. सहा महिने रोज गोळ्या. पहिले पंधरा दिवस वेगळी खोली, मास्क, उघड्या खिडक्या. दोन महिन्यांनी पुन्हा थुंकी तपासायची. तोवर मुलांना आणि सुनेला जवळ घ्यायचं नाही. घरातल्या प्रत्येकाची तपासणी, ताबडतोब.

"आणि शिकवणीची मुलं?" मी विचारलं.

"त्यांचीही झाली पाहिजे," डॉक्टर म्हणाले. "बंद खोली होती ना?"

घरी आले तेव्हा मुक्ता नुकतीच शाळेतून आली होती. दप्तर टाकून ती धावत सुटली, रोजच्यासारखी. मी हात पुढे करून ओरडले, "थांब." ती जागच्या जागी थांबली. तिचा चेहरा मला आजही दिसतो. मुक्ता, तुझ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर एवढंच आहे. मला तुला हळू आवाजात थांबवायला वेळ नव्हता.

मी माझ्या खोलीत गेले आणि आधी खिडक्यांच्या पट्ट्या फाडल्या. उरलेली पट्टी घेऊन खोलीच्या दारापासून चार फुटांवर फरशीवर एक रेघ चिकटवली. पट्टीच्या अलीकडे आजी, पलीकडे तुम्ही.

त्या संध्याकाळी घरात पहिलं भांडण झालं ते तपासणीवरून नाही. तुमच्या बाबांना हे बाहेर सांगायचं नव्हतं. त्यात त्याचं काही वाईट मन नव्हतं, तो घाबरला होता. पट्टीपलीकडे उभा राहून म्हणाला, "आई, सोसायटीत कळलं तर वाट लागेल. मुलांशी कोणी खेळणार नाही. केतकीचं बाळंतपण तोंडावर आहे. आपण सांगू, तुला ब्राँकायटिस आहे. शिकवणी बंद. बास."

"आणि त्या सहा मुलांचं काय?"

"त्यांना काही झालेलं नसणार."

"तुझ्या मुलांना काही झालेलं नसणार असं म्हणून त्यांची तपासणी टाळशील?"

तो जायला वळला. मी म्हटलं, "निखिल, हा रोग मी लपूनछपून आणलेला नाही, आणि लपूनछपून बराही करणार नाही."

तुमची जोगेश्वरीची आजी, म्हणजे केतकीची आई, त्याच रात्री फोनवर म्हणाली की केतकीने मुलांना घेऊन लगेच माहेरी निघावं. त्या माउलीचंही चूक नव्हतं. तुमच्या आईने स्पीकर चालू ठेवूनच उत्तर दिलं. "आई, जे श्वासातून आत जायचं ते दोन महिने आधीच गेलंय. डॉक्टरांना विचारलंय मी. आता पळून काय उपयोग? इथे खिडक्या उघडल्यात आणि सासूबाई कुलपात आहेत." मी खोलीत एकटीच हसले, आणि हसण्याचा खोकला झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मोठ्या कागदावर सुवाच्य अक्षरात सूचना लिहिली. मराठीत आणि खाली इंग्रजीत. मला फुफ्फुसाचा टीबी झाला आहे. औषध सुरू झालं आहे. माझ्या शिकवणीला येणाऱ्या मुलांनी आणि ज्यांना दोन आठवड्यांहून जास्त खोकला आहे अशा सर्वांनी पालिकेच्या आरोग्य केंद्रात तपासणी करून घ्यावी. खोकला धुळीचा आहे असं गृहीत धरू नये, मी धरलं होतं. खाली सही, वृंदा सामंत, तिसरा मजला. सहाही घरांना मी आधी फोन केले, आणि मग तुमच्या बाबांकडूनच तो कागद लिफ्टशेजारच्या बोर्डावर लावून घेतला. चेहरा पाडून का होईना, त्याने लावला.

दुपारपर्यंत कागद गायब. सोसायटीच्या सेक्रेटरींचा फोन आला. म्हणाले, "काकू, आपली बिल्डरशी बोलणी चालू आहेत. इमारतीचं नाव खराब होतं." मी म्हटलं, कागद काढायचा तर काढा, माझ्याकडे शाई भरपूर आहे. दुसरा कागद मी लॅमिनेट करून लावायला दिला. तो महिनाभर राहिला.

तुमच्या तपासण्यांचे दिवस मी खोलीतच काढले. तुमच्या आईचा एक्स-रे पोटावर शिशाचा जाड ॲप्रन ठेवून काढला. स्वच्छ. सोहमचा स्वच्छ. तरी पाच वर्षांखालच्या मुलांना सावधगिरी म्हणून गोळ्या देतात, त्या त्याला सुरू झाल्या. मुक्ताच्या हातावर मॅन्टू टेस्ट केली, म्हणजे कातडीत एक छोटंसं इंजेक्शन देतात आणि दोन-तीन दिवसांनी तिथे गाठ आली का ते फूटपट्टीने मोजतात. गाठ आली. एक्स-रे मात्र स्वच्छ. डॉक्टर म्हणाले, "जंतू शरीरात शिरलेत, पण झोपलेत. आजार नाही. तो होऊ नये म्हणून औषध देऊ."

ते जंतू माझ्याकडून गेले होते, याबद्दल मला शंका नाही. त्या दिवशी मी जेवले नाही. तुमच्या आईने ताट पट्टीवर ठेवलं, ते तसंच राहिलं. दोन तासांनी ती आली, ताटाकडे बघितलं आणि म्हणाली, "आई, तुम्ही उपाशी राहिलात तर गोळ्या बाधतील, गोळ्या बाधल्या तर बंद कराव्या लागतील, आणि माझ्या बाळाला अंघोळ कोण घालणार? मला बाई ठेवायची नाहीये. जेवा." मी जेवले.

आणि इमारतीत? एक बाई मला दारात पाहून लिफ्टमधून परत बाहेर पडल्या. मी तपासणीला निघाले होते, तोंडावर मास्क होता. एका घराने मुक्ताला वाढदिवसाला बोलावलं नाही. ते मला अजून आठवतं आणि मी ते विसरायचं नाही असं ठरवलंय. पाच मुलांच्या तपासण्या चांगल्या आल्या. सहावा पार्थ, दुसऱ्या मजल्यावरच्या लताचा नातू. लता मालवणची, माझी वीस वर्षांची मैत्रीण. पार्थला तीन आठवडे खोकला होता, सगळे धुळीला नावं ठेवत होते. त्याला टीबी निघाला, अगदी सुरुवातीचा.

लता वर आली. दारातून आत न येताच म्हणाली, "माका आदी कित्याक नाय सांगलंस?"

"मलाच माहीत नव्हतं गं."

"सहा आठवडे खोकत होतंस. तू शिकलली बाई." एवढं बोलून ती गेली. मी तिला थांबवलं नाही. ती खरं बोलली होती.

तुमचे बाबा माझ्या गोळ्या पट्टीवर ठेवून ऑफिसला जायचे. गिळल्या की नाही हे बघायचं काम मुक्ताने स्वतःकडे घेतलं. शाळेत जाण्याआधी ती पट्टीपलीकडे उभी राहायची. "गिळलीस? तोंड उघड." मग कॅलेंडरवर टिक. मळमळायचं, तोंडाला चव नसायची, सांधे दुखायचे. एका गोळीने लघवी केशरी होते. ते डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं म्हणून मी घाबरले नाही. तुम्हीही घाबरू नका. सोहमला हे कळल्यावर तो रोज विचारायचा, "आजी, आज ऑरेंज आली का?" पाहुण्यांसमोरसुद्धा.

पंधरा दिवसांनी मी मास्क लावून घरात वावरू लागले, पण मुलांच्या जवळ गेले नाही. पट्टी तशीच होती. एकही गोळी मी चुकवली नाही. दुसऱ्या महिन्याच्या शेवटी लता पेजेचा डबा घेऊन आली. तो तिने पट्टीवर ठेवला आणि म्हणाली, "पार्थचा ताप गेला. तू कागद लावलंस म्हणान कळला गो. नायतर आमी धुळीकच गाळी घालीत बसलो असतो." मी माफी मागायला लागले तर म्हणाली, "पेज गरम आसा तवर खा."

मी थुंकी तपासायला दिली आणि रिपोर्ट यायच्या आतच जुई आली. दोन आठवडे आधी. हॉस्पिटलमध्ये मी गेले नाही. तिला घरी आणलं तेव्हा मी माझ्या खोलीत दार लावून बसले. दोन दिवस ती भिंतीपलीकडे रडत होती. दुपट्यात नीट गुंडाळलेली नसणार, हे मला रडण्यावरून कळत होतं. मी आतून ओरडून सांगत होते, "पाय घट्ट नको, हात आत घ्या." बाळंतपणासाठी आलेली तुमची जोगेश्वरीची आजी म्हणाली, "विहीणबाई बंद दारातूनही ऑर्डर सोडतात."

तिसऱ्या दिवशी रिपोर्ट आला. जंतू नाहीत. तुमच्या बाबांनी तो दोनदा मोठ्याने वाचला. जुईला जवळ घ्यायला हरकत नाही असं डॉक्टरांनी फोनवर सांगितलं, पण गोळ्या आणखी चार महिने, एकही दिवस न चुकवता.

मी दार उघडून बाहेर आले. मुक्ता पट्टीपलीकडे उभी होती. मी हात पसरले आणि म्हटलं, "ये." ती आली नाही. सात वर्षांची मुलगी दोन महिने एका रेघेमागे उभी राहायला शिकली होती, आणि तिला ते मीच शिकवलं होतं. तिने खाली बघितलं. "आधी पट्टी काढ."

मी फरशीवर बसले. गुडघे दुखत होते. पट्टी पक्की बसली होती, नखाने एका टोकापासून सोलायला लागले. मग मुक्ता दुसऱ्या टोकाशी बसली आणि तिकडून सोलायला लागली. मधे आमची डोकी एकमेकींवर आपटली.

त्या दिवशी जुईला मी अंघोळ घातली, खिडक्या सताड उघड्या ठेवून. बाहेर ड्रिलिंग चालू होतं. तेलाच्या वाटीत धूळ पडत होती ती मी बोटाने काढत होते.

टॉवर आता पूर्ण झालाय. माझ्या खिडक्या उघड्याच असतात. कुणी दोन आठवड्यांहून जास्त खोकलं की मी त्याला तपासणीला पाठवते, मग तो मला 'शहाणपणा शिकवू नका' म्हणाला तरी. पार्थ आता माझ्याहून उंच झालाय. लताचं, केतकीचं आणि त्या डॉक्टरांचं मी ऋण मानते, पण सगळ्यांच्या आधी मुक्ताचं, जी साठ दिवस रोज सकाळी मला तोंड उघडायला लावत होती.

मागच्या महिन्यात फरशी पॉलिश करायला माणूस आला होता. माझ्या दारापासून चार फुटांवर गोंदाचा एक लांब काळपट डाग आहे, तो काढतो म्हणाला. मी त्याला तेवढी फरशी सोडून द्यायला सांगितलं. तुम्ही आलात की आधी तो बघा.