वसंतभाऊंना 'नाही' म्हणायचं होतं

घरात कापूस भरून ठेवला की महिनाभर चहाच्या कपातसुद्धा तंतू सापडतो. किश्शांचंही तसंच आहे. मुद्दाम कुणी गोळा करत नाही, अंगाला चिकटून घरी येतात. माझ्या अंगाला ते चिकटले दर शनिवारी दुपारी, अमरावतीच्या विद्यापीठात, इंडोनेशियन भाषेच्या वर्गात.

मी शाळेत भूगोल शिकवते. इतकी वर्षं पोरांना नकाशावर बेटं दाखवली, पण तिथली माणसं आपसांत काय बोलतात ते ठाऊक नव्हतं. म्हणून नाव घातलं. नवरा म्हणाला, "झालं, आता समुद्रापल्याडही नाक खुपस!" खुपसलं!

* * *

पहिल्या दिवशी शहनाज मॅडमनी प्रत्येकाला विचारलं, ही भाषा कशाला शिकायची? मॅडम अकोल्याच्या. शिकायला म्हणून जावा बेटावर गेल्या आणि बरीच वर्षं राहून आल्या. तेल्हाऱ्याची प्राची म्हणाली, तिकडच्या कापड कंपनीत नोकरी पाहतेय. मी म्हटलं, उत्सुकता.

शेवटच्या बाकावर पांढऱ्या शर्टातले एक गृहस्थ बसले होते. पायाशी संत्र्यांची पिशवी. वरूडचे वसंतभाऊ, मोठे बागाईतदार. ते उठून म्हणाले, "मले 'नाई' म्हनायले शिकायचं हाय."

वर्ग हसला. ते हसले नाहीत. त्यांचा निलेश बालीतल्या एका हॉटेलात कामाला, आणि तिथल्याच रत्ना नावाच्या मुलीशी लग्न करणार म्हणून अडून बसलेला. मुलीचे वडील पाक वायान यांना वसंतभाऊंशी फोनवर बोलायचं होतं. पाक म्हणजे आपलं 'भाऊ' किंवा 'साहेब' समजा.

"नकार द्यायचा तं त्यायच्याच भाषेत देतो," वसंतभाऊ म्हणाले. "मंग 'समजलं नाई' असं कोनी म्हनू शकत नाई!" आणि खाली बसता बसता जरा हळू, "पोरीत खोट नाई जी. पन माहं एकच पोट्टं हाय. थे तिकडचंच होऊन जाईन."

* * *

पुढच्याच शनिवारी मॅडमनी त्यांची पंचाईत केली.

"नाही म्हणायला शब्द आहे. तिदाक. पण थोरामोठ्यांच्या तोंडावर तो कुणी फेकत नाही. 'नांती' म्हणायचं, म्हणजे नंतर पाहू. किंवा 'बलुम', अजून नाही."

लग्न झालं का असं विचारलं, तर तिथे म्हातारा ब्रह्मचारीही 'अजून नाही' असंच सांगतो म्हणे. मला हे फार आवडलं. वसंतभाऊ मात्र तापले. "एक शब्द शिकाले वरूडहून येतो मी, अन् थोच वापरायचा नाई म्हन्ते!"

प्राचीला तो 'बलुम' लगेच कामी आला. तेल्हाऱ्यात एका लग्नात मावशीनं तिला धरलं, "काहून वं, तुह्यं कवा?"

"अजून नाई, मावशी."

"हे तं तू मागच्या सालीबी म्हनली!"

"होय नं. अजूनबी अजून नाई!"

मावशी जिलेबीकडे वळली. मॅडमनी प्राचीला तोंडी परीक्षेचे पूर्ण मार्क तिथल्या तिथे देऊन टाकले.

* * *

तिकडे रस्त्यात कुणी भेटलं की विचारतात, "मौ क माना?" कुठे चाललात? उत्तराची कुणाला पडलेली नसते. "जालान-जालान," म्हणजे असंच फिरायला, एवढं म्हणून पुढे जायचं.

मी म्हटलं, प्रयोग करून पाहू. आमचे शेजारी स्कूटरला किक मारत होते. मी गॅलरीतून आवाज दिला, "कुठं चालले भाऊ?"

त्यांनी स्कूटर बंद केली. घरात गेले. चपला काढल्या, पाणी प्यायले, देवासमोर उभे राहिले, पाचेक मिनिटं खुर्चीत बसले आणि मग माझ्याकडे न बघता पुन्हा निघाले. संध्याकाळी त्यांची बायको आली. "काय हो बाई, आमच्यावर काही राग हाय काय?"

मॅडम म्हणाल्या, "हा प्रयोग अमरावतीत बंद!"

* * *

एका शनिवारी मॅडमनी चहा मागवला. सगळ्यांसमोर कप ठेवले आणि सांगितलं, "हात लावायचा नाही. यजमान 'सिलाकान' म्हणजे 'घ्या' म्हणेपर्यंत पाहुणा पीत नाही."

तेवढ्यात विभागप्रमुखांनी त्यांना बोलावलं आणि त्या गेल्या. आम्ही बसलो. चहावर साय धरली. शिपाई डोकावला, म्हणाला, "काय झालं? चहात माशी पडली काय?"

मला वाटलं, पहिला कप वसंतभाऊ उचलणार. पण ते हात मांडीवर ठेवून बसलेले. म्हणाले, "बाई, निलेशबी थ्या घरी असाच बसत असन काय हो? त्याले तं चहा गरमच लागते."

मॅडम आल्या, "अरे अल्ला!" म्हणाल्या आणि मग 'सिलाकान' म्हणाल्या. तो थंड चहा आम्ही सगळे मुकाट्यानं प्यायलो.

* * *

वसंतभाऊ एकाच वाक्याला अडले. "सुदा माकान?" जेवलात का? तिकडे हे नमस्कारासारखं विचारतात. जोड्या लावून सराव चालला होता आणि माझ्यासमोर वसंतभाऊ होते. मी विचारलं. त्यांनी उत्तर दिलं. त्यांची पाळी आली तर त्यांनी वही मिटली.

"विचारा ना," मी म्हटलं.

"नाई विचारत."

"अहो, सराव आहे!"

"असो. माह्या घरी ज्याले 'जेवले काय' विचारलं, त्याले ताट वाढा लागते. बापाच्या वेळपासून हाय हे. ज्याले व्याही म्हून वाढाचंच नाई, त्याची भूक मी कावून विचारू?"

मॅडमनी पुष्कळ समजावलं. पण प्रत्येक शनिवारी ते वाक्य आलं की वसंतभाऊ खिडकीबाहेर पाहायचे. बाकीची भाषा मात्र त्यांना आमच्या सगळ्यांपेक्षा चांगली येऊ लागली होती. मला त्यांचा रागही यायचा आणि कौतुकही वाटायचं.

* * *

मग तो पोळीचा फोटो आला. निलेशला भाताचा कंटाळा आला म्हणून रत्नानं पोळी लाटली होती. वसंतभाऊंनी मोबाइल सगळ्यांपुढे धरला. "पाहा! हे पोळी हाय काय? हा तं बालीचा नकाशा!"

"बालीला इतके पाय नसतात," मी भूगोलाच्या हक्कानं म्हटलं. "हे सुलावेसी. ईशान्येकडचं मोठं बेट."

सगळे पोट धरून हसले. वसंतभाऊंनी मोबाइल खिशात ठेवला. थोड्या वेळानं पुन्हा काढला आणि बाकाखाली धरून पाहिला. "करपली नाई पन," ते स्वतःशीच म्हणाले.

* * *

शेवटी फोनचा दिवस ठरला. वसंतभाऊंनी तो वर्गातच घ्यायचं ठरवलं. "अटकलो तं मॅडम जवळ असाव्या." नकार त्यांनी मॅडमकडून तासून घेतला होता. अत्यंत सभ्य. मुलांना अजून वेळ द्यावा, घरच्या थोरांशी बोलावं, नंतर पाहू. त्यात 'नाही' कुठेच नव्हतं आणि सगळं 'नाही'च होतं. प्राची म्हणाली, "भाऊ, नका ना." त्यांनी ऐकलं नाही.

मोबाइलच्या पडद्यावर पाक वायान आले. डोक्याला पांढरं फडकं बांधलेलं, मागे निलेश आणि एक सडपातळ मुलगी, दोघंही खाली पाहत. आधी पावसाची विचारपूस झाली, मग तब्येतीची, मग संत्र्यांची. सगळं रीतीप्रमाणे. वसंतभाऊंचं इंडोनेशियन ऐकून मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं. मग वसंतभाऊंनी घसा खाकरला. नकार ओठांवर आला होता.

पण पाक वायान यांनी हात वर केला. निलेशकडे एकदा पाहिलं, तळहातावर काहीतरी लिहिलं होतं ते वाचलं आणि एकेक शब्द जपून उचलत, मोठ्यानं म्हणाले,

"भाऊ, पोट्टी पसंत हाय का नाई? सीधं सांगून टाका!"

वसंतभाऊंनी मॅडमकडे पाहिलं. मॅडम खिडकीबाहेर पाहू लागल्या. पडद्यावर त्या मुलीनं मान वर केली.

वसंतभाऊंनी खिशातून रुमाल काढला, कपाळ पुसलं, रुमालाची घडी घालून पुन्हा खिशात ठेवला. मग खुर्ची मोबाइलच्या जरा जवळ ओढली.

"सुदा माकान, पाक?"