आधी हे काढा

बाबा गेले, त्यांच्या पुण्यानुमोदनाच्या विधीला पाच दिवस झाले होते. पाहुणे पांगले होते. माझी रजा रविवारी संपणार होती आणि पुढे आई त्या घरात एकटी राहणार होती. न्हाणीतल्या नळाचा प्रश्न त्याआधी सुटायला हवा होता.

बोअरची मोटार सुरू असताना त्या लोखंडी नळाला हात लावला की झिणझिण्या येत. आईने हे मला सांगितलं नव्हतं. मी नुसतं पाहिलं, की नळ सोडण्याआधी ती बोटांची मागची बाजू त्याला हळूच टेकवते. विचारलं, तर म्हणाली, बाबांनीच शिकवलं होतं. झटका बसला तर मूठ आवळते. उलटा हात असला की सुटून येतो. त्यांच्या आजारपणापासून ती असंच पाणी भरत होती.

बाबा शाळेत शिकवायचे, पण घरातलं विजेचं काम कधी दुसऱ्याला करू देत नसत. दाराच्या मागे लाकडी बोर्ड होता, त्यावर चिनीमातीचे दोन फ्यूज. डाव्या फ्यूजखाली त्यांनी लाल रंगाने, फळ्यावर लिहीत तशाच ठसठशीत अक्षरात लिहून ठेवलं होतं : आधी हे काढा.

साखरखेर्ड्याच्या वायरमनला मी फोन केला. वयस्क माणूस, बाबांचा जुना विद्यार्थी. सगळं ऐकून तो म्हणाला की बोर्डच बदलावा लागेल, परवा येतो, तोवर मोटार लावू नका आणि काही उघडू नका. बोर्ड बदलायचा, एवढंच माझ्या मनात राहिलं. बाबा जाऊन पंधरा दिवसही झाले नव्हते आणि कुणीतरी त्यांचं अक्षर भिंतीवरून उतरवणार होतं. एखादी तार सैल झाली असेल, ती मीच आवळीन, असं मी ठरवलं आणि आईला तसं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्टुलावर चढले. डावा फ्यूज ओढून काढला. पंखा थांबला, देव्हाऱ्याच्या जागी बुद्धमूर्तीपुढे लावलेला छोटा दिवा विझला. टेस्टर बाबांच्या पेटीत होता. मी तो घेतला नाही. दिवा विझला होता, आणि अक्षर बाबांचं होतं. बोर्डाशेजारच्या मोटारीच्या स्विचचं झाकण मी उघडलं. आत काळवंडलेली एक तार बाहेर आली होती. ती बोटांनी मागे सारायची आणि स्क्रू पिळायचा, इतकंच काम होतं. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती.

अंगणात मोटारसायकल थांबल्याचं ऐकलं, पण मी वळले नाही.

“ताई, हात मागं घ्या. खाली उतरा, मंग बोलू.”

आवाज चढलेला नव्हता, म्हणूनच मी थांबले. वायरमन चप्पल न काढता आत आला, खिशातला टेस्टर त्या काळ्या तारेला लावला. टेस्टरमधला दिवा लाल पेटला.

आईने मला धरून खाली घेतलं.

त्याने मग समजावलं. गेल्या वर्षी मीटर बाहेरच्या भिंतीवर नेला, तेव्हा दोन तारांची अदलाबदल झाली. आता डाव्या फ्यूजवर परतीची तार होती. तो काढला की दिवे विझत, पण येणारा करंट उजव्या बाजूने घरभर तसाच राही. बाबा तेव्हा अंथरुणाला खिळले होते. बोर्डाला त्यांचा हात पुन्हा लागलाच नाही.

“बल्ब विझला म्हंजे करंट गेला असं नसते, ताई,” तो म्हणाला. “गुरुजीनं तुमाले एवढी पुस्तकं वाचाले लावली, टेस्टर धराले नाई शिकोलं?”

मला हसू आलं नाही. त्यालाही नाही. तो आज कसा आला, असं मी विचारलं. आई चुलीकडे बघत म्हणाली, “म्याच सकाळी फोन केला. म्हटलं, पोरगी बोर्ड खोलाले निघाली, लवकर या. तुले सांगून तू आयकली असती काय?”

काम दोन दिवस चाललं. मीटरच्या सीलला त्यानेही हात लावला नाही. ते आपलं काम नव्हे म्हणाला, आणि वीज कंपनीचा लाईनमन येऊन खांबावरून पुरवठा तोडेपर्यंत ओसरीवर बसून राहिला. मग उलट्या झालेल्या तारा जागच्या जागी लावल्या, नळात करंट उतरवणारी मोटारीची खराब तार बदलली. घरामागे खड्डा खणून मीठ-कोळसा घालून अर्थिंगची तार पुरली. दारामागे स्विचांचा नवा डबा बसला. करंटची गळती झाली की एका निमिषात सगळं बंद करणारा स्विचही त्यात होता. त्याचं बटण त्याने आईकडून दाबून घेतलं. खटका पडला, घर बंद झालं. दर महिन्याला एकदा असं दाबून पाहायचं, हे तिने दोनदा म्हणून दाखवलं.

जुना बोर्ड भिंतीला टेकवून ठेवला होता. आईने त्यावरची धूळ पदराने पुसली आणि पाठमोरा फिरवून ठेवला.

शनिवारी तिने मोटार लावली. मी न्हाणीच्या दारात होते. तिने नेहमीसारखी बोटांची मागची बाजू नळाला टेकवली. थांबली. पुन्हा टेकवली. मग हात सरळ केला, आणि अख्ख्या मुठीत नळ धरून पाणी सोडलं.