प्लग परबांच्या हातात होता

या सदरातील अनुभव मी बराच काळ वाचत आलो आहे आणि खरे सांगायचे तर बहुतेक वेळा मान हलवून अंक मिटतो. मी नित्य संध्या करणारा, शाळेत संस्कृत शिकवण्यात हयात घालवलेला मनुष्य. ईश्वरावर माझी श्रद्धा आहे. म्हणूनच भुताखेतांच्या गोष्टींना मी कधी थारा दिला नाही. तरीही हे लिहितो आहे, कारण त्या सकाळी जे घडले ते मी एकट्याने पाहिलेले नाही.

१९८४चा हिवाळा. आम्ही मुलुंड पूर्वेला एका दुमजली घराच्या तळमजल्यावर राहत होतो. मागे फरशीचे छोटे अंगण, त्याच्या कडेला पत्र्याची पडवी आणि पडवीत माझा धाकटा भाऊ वसंत याची जुनी विलायती मोटारसायकल. बारा वर्षे ती तिथेच उभी होती. एका सकाळी क्लचची केबल तुटली म्हणून वसंताने गाडी ठेवली, ‘सांताक्रूझला जाऊन येतो’ म्हणाला आणि निघाला... तो परतला नाही. पोलीस, इस्पितळे, वर्तमानपत्रांतली निवेदने, सगळे झाले.

बारा वर्षे वाट पाहून झाल्यावर बेपत्ता माणसाची पळसाच्या पानांची प्रतिकृती करावी आणि तिचे दहन करावे, असे शास्त्र आहे. वसंताला मूलबाळ नव्हते, तेव्हा कर्तव्य माझे. माझी झोप उडाली होती. तो गेला असेल, तर बारा वर्षे पाण्याच्या ओंजळीवाचून तिष्ठतो आहे. आणि असेल, तर मी जिवंत भावाला अग्नी देणार.

त्याच्या पत्नीने, सुमतीने, एकच अट घातली. “दादा, आधी त्यांची गाडी चालू करा, मग करा काय करायचं ते. गाडीही मोडीत आणि माणूसही मोडीत, असं मला नको.”

भांडुपचे परब मिस्त्री आले. चार दिवस ते झटले. कार्बोरेटर धुतला, केबल बदलली, किक मारून मारून घामाघूम झाले, पण ठिणगी म्हणून पडेना.

“मास्तर, संस्कृतात शिव्या असतील तर द्या हिला. माझ्या मालवणी संपल्या.”

चहा ठेवताना सुमती म्हणाली, “आधी टाकीवर दोन थापा मारा. हे तसंच करायचे.”

“वैनी, थापा मारून गाड्या चालू झाल्या असत्या ना, तर आमच्या गल्लीतला प्रत्येक जण मिस्त्री झाला असता.”

सुमती हसली. मला मात्र तो जुना क्रम कानात ऐकू आला : टाकीवर दोन थापा, इंजिनाचे दोन खोकले आणि मग संथ धडधड. गल्लीच्या टोकावरूनही मी वसंताची गाडी ओळखत असे.

पाचव्या दिवशी नेमलेली तिथी होती. गाडी बंदच होती.

“सुमती, तिथी थांबत नाही,” मी म्हणालो. ती भिंतीला टेकून उभी राहिली. सकाळचे आठ वाजले असतील. मी अंगणात पाने मांडली. पडवीत परब गाडीपासून चार हात दूर, वर्तमानपत्रावर बसून इंजिनातून काढलेला, ठिणगी पाडणारा प्लग पुसत होते. पेट्रोलची नळीही सुटलेली होती.

संकल्पात गोत्र आणि नाव उच्चारून पुढे ‘प्रेतस्य’ म्हणायचे असते. मी हातात पाणी घेतले. “काश्यपगोत्रस्य वसंतशर्मणः...” आणि पुढे तोंडून शब्द आला, “चिरंजीविनः”.

उच्चाराची अशी चूक माझ्याकडून आयुष्यात झाली नव्हती. धाकट्या भावाच्या नावाआधी ‘चि.’ लिहायची सवय हाताला होती. ती जिभेवर कशी उतरली कोण जाणे. मी पाणी सोडले, आचमन केले, पुन्हा आरंभ केला. गोत्र... नाव... “प्रे—”

टाकीवर दोन थापा पडल्या.

मग दोन खोकले... आणि इंजिन धडधडू लागले.

गाडीजवळ कुणीही नव्हते. टाकी थरथरत होती. धुराच्या झोताने माझ्यासमोरची पाने एकेक करून सरकू लागली. एक गायत्री म्हणून होईल इतका वेळ हे चालले — आणि थांबले.

परब उठून उभे होते. “मास्तर... प्लग हंय माझ्या हातात आसा,” ते पुटपुटले. मग त्यांनी सायलेन्सरला बोट लावले आणि चटका बसून मागे घेतले.

सुमती पुढे आली. “दादा, पानं उचला,” ती म्हणाली. मी उचलली. तो विधी मी पुन्हा मांडला नाही.

थोड्या वेळाने परबांनी प्लग बसवला, नळी जोडली. टाकीवर दोन थापा मात्र सुमतीने मारल्या. पहिल्याच किकला गाडी चालू झाली आणि पुढे कधी अडली नाही.

वसंत आला नाही. प्लगवाचून इंजिन कसे चालले, हे मी जाणकारांना विचारले, सगळे हसले. ती हाक होती की निरोप, हे मला आजही सांगता येत नाही.

पुढे माझ्या मुलीच्या लग्नाची पत्रिका छापायला दिली, तेव्हा छापखान्यातल्या गृहस्थांनी सहज विचारले, “मास्तर, मुलीच्या काकांच्या नावाआधी श्री. टाकू की कै.?”

मी ती जागा कोरी सोडायला सांगितली.