चांदानंतरचा पहिला चेहरा

यंदा मी दुवा मागायचं सोडून दिलं होतं. नमाज पढायचे, पण हात उचलले की ओठ शिवल्यासारखे व्हायचे. आणि मी म्हणजे कोण? दुबईत अल कुसैसच्या आमच्या बिल्डिंगमध्ये माझा आवाज लिफ्टच्या आधी वर पोहोचतो! पण लकव्यानं आमच्या ह्यांची वाचा नेली, उजवा हात नेला, आणि डॉक्टर म्हणाले, "ते तुम्हाला ओळखतात की नाही, सांगता येत नाही." त्या दिवशी माझंही बोलणं आटलं. मी घास भरवायची, ते माझ्या खांद्यावरून भिंतीकडे बघायचे. हा माणूस आत आहे की निघून गेला, एवढंच मला कळायला हवं होतं.

ह्यांची एक जुनी खोड, रत्नागिरीत आमचं लग्न झालं तेव्हापासूनची. नवा चांद बघितल्यावर पहिला चेहरा माझाच बघायचा. म्हणून चांद दिसला की डोळे गच्च मिटून, चाचपडत मला शोधत घरात यायचे. एकदा चुकून सासूबाईंचाच हात धरला. "मेल्या, मी तुझी आई!" त्या ओरडल्या. इथंही बाल्कनीतून येताना टीपॉयवर नडगी आपटून घ्यायचे, आणि मी मुद्दाम पडद्यामागे लपायचे.

आमची लेक सना आम्हाला वाळवंटातली वेधशाळा दाखवायला घेऊन गेली. सूर्य नुकताच बुडाला होता, पश्चिमेला नव्या महिन्याची बारीक कोर होती. मोठ्या दुर्बिणीला मात्र उंच पायऱ्या, आणि हे व्हीलचेअरवर. "खलास," मी म्हटलं, "घरी चला." तेवढ्यात अंगणातल्या छोट्या दुर्बिणीपाशी अबाया घातलेल्या एका अनोळखी बाईनं आपल्या मुलीला बाजूला घेतलं. "यल्ला हबीबती, चलो बेटा, अंकल पहले." स्वतः वाकून तिनं दुर्बीण ह्यांच्या डोळ्याच्या उंचीला आणून दिली.

ह्यांनी बराच वेळ बघितलं. मग मान मागे घेतली आणि दोन्ही डोळे घट्ट मिटले.

"अब्बा! आर यू ओके?" सना घाबरली. ती बाई पाणी घेऊन धावली, "आँख में दर्द है?" डोळे काही उघडेनात. डावा हात तेवढा हवेत काहीतरी शोधत होता.

मला लख्ख कळलं. "हटो सब!" मी नाटकातल्या राणीसारखी गरजले. "ह्यांच्यासमोर कुणी उभं राहायचं नाही!" गुडघे टेकून मी तो हात धरला. ह्यांनी आधी माझ्या बांगड्या चाचपल्या. सासूबाईंचा प्रसंग विसरले नसावेत! मग डोळे उघडले आणि माझ्याकडे, फक्त माझ्याकडे बघत राहिले.

"चांद मुबारक," मी कसंबसं म्हटलं.

वाचा अजूनही आलेली नाही, हातही तसाच आहे. त्या बाईचं नाव विचारायचं रडण्याच्या भरात राहून गेलं. दुवेत मी तिला 'चांदवाली' म्हणते. हो, दुवा पुन्हा मागते. काय द्यायचं ते मात्र आता अल्लाहला शिकवत नाही. नवा चांद दिसला की ह्यांची खुर्ची बाल्कनीत नेते, आणि ह्यांनी डोळे मिटले की समोर जाऊन बसते. आता लपत नाही.