हाकेपुरतं नाव

सुशिलाबाईचा दिवस पहाटे चारला सुरू झाला. चूल, भात, डबा. मग नवऱ्याची आंघोळ. यादोराव आता माणसं विसरत चालला होता. घर विसरत होता. कपडे घालून दिले तर घाली.

मुलगा चंद्रकुमार ट्रकवर. सून रेणू शाळेत शिकवायला जाई. निघता निघता तिने सासूला छेडलं.

"आई, एकदा तरी बाबांचं नाव घ्या ना! पुस्तकात लिहिलं आहे, नावात काय आहे? गुलाबाला कोणतंही नाव द्या, सुगंध तोच."

"मंग मी 'अजी' म्हनते, तोच सुगंध," सुशिलाबाई म्हणाली. लग्न झाल्यापासून नवऱ्याचं नाव तिच्या तोंडून निघालं नव्हतं.

गोवर्धनच्या धानाच्या बांधीत रोवणा होता, भाताची रोपं लावायची मजुरी. तिने नवऱ्याला धुऱ्यावर, बांधावरच्या पळसाखाली बसवलं आणि चिखलात उतरली. रोवणा करणारी बाई वाकून मागे मागे सरकते. मान वर केली की ओळ मोडते. तिने मान वर केली नाही. केली तेव्हा पळसाखाली फक्त डबा होता.

"अजी! अवो अजी!"

बाया चारी दिशांना धावल्या. ती तलावाकडे पळाली. पायाला चिखल, लुगडं ओलं, छातीत दम नाही. काठावर पोचली तर यादोराव कमरेएवढ्या पाण्यात. पुढेच चालून राहिलेला.

"अजी! थांबा जी!"

त्याने वळून पाहिलं नाही. पाणी छातीला लागलं. ती आत शिरली, पण गाळाने पाय धरले. एक पाय काढावा तर दुसरा रुते. अंतर कमी होईना. गळ्यातला आवाज संपत आला होता. एकच हाक उरली होती.

"यादोराव! ए यादोराव!"

तो थांबला. वळला. शाळकरी पोरासारखा हात वर केला.

"आलो माय!"

आणि आला. तिने त्याचा दंड धरला तो काठावर येईपर्यंत सोडला नाही. रडायला दम नव्हता.

गोवर्धनने अर्ध्या दिवसाची मजुरी दिली. बरोबरच होतं, कामही अर्धंच झालं होतं.

संध्याकाळी ती नवऱ्याला आणि सुनेला घेऊन हिरालालच्या भांड्यांच्या दुकानात गेली. हातात घालायचं स्टीलचं एक कडं निवडलं. हिरालालने नाव कोरायची मशीन उचलली.

"किसका नाम डालूं, बाई?"

रेणू सांगायला गेली. सुशिलाबाईने तिला हाताने थांबवलं.

"यादोराव. खाली गाव टाका, नवेगाव बांध."

रेणू सासूकडे वळली. "आई, सकाळी तर तुम्ही..."

"गुलाब काय घर सोडून जाते, बाई?"

मशीन करकरली. सुशिलाबाईने कडं नवऱ्याच्या मनगटात चढवलं. त्याने अक्षरांवरून बोट फिरवलं, मग तिच्याकडे पाहिलं.

"अन् तुह्यं नाव काय, बाई?"

"सुशिला," ती म्हणाली, आणि पदराची गाठ सोडली. अर्ध्या दिवसाची मजुरी त्या कड्यात गेली.