हात आत जाईल अशी बाटली

टेकडीच्या मध्यावर माझ्या मैत्रिणीला, सुमनला भोवळ आली. मी तिला दगडावर टेकवलं आणि माझी बाटली तिच्या तोंडाला लावली. तिने घोट घेतला आणि लगेच थुंकून टाकला. "अगं, शेवाळ पाजतेस का मला?"

मी झाकणाच्या नळीत बोट घातलं. काळा, बुळबुळीत चिकटा निघाला. पण दुसरं पाणी नव्हतं. "नाक धर आणि गीळ," मी म्हटलं. तिने गिळलं. ऊन चढलेलं होतं, मग मीही प्यायले.

बाटली स्टीलची, सुनेने रंग बघून आणलेली. मी रोज विसळायचे, पण तोंड इतकं अरुंद की आत हात जाईना. वर ती नळी, वासरासारखी चोखायची. आम्ही तांब्या उंच धरून वरून पाणी पिणारी माणसं. आता एकमेकींचं उष्टं चोखतो. हात पोचत नाही तिथली घाण कुणी काढत नाही, झाकण लावलं की सगळे मोकळे. घरात असे कोपरे असतात आणि माणसांतही असतात.

त्या पाण्याने दोघींचं पोट बिघडलं. ते ठिकाणावर आल्यावर मी दुकानात गेले आणि एकेका बाटलीत हात घालून पाहिला. दुकानदार हसला. "आजी, बाटली घेताय की बांगड्या भरताय?"

"हात गेला तरच घेणार," मी म्हटलं. एकीत गेला.

पुढच्या वेळी टेकडीवर सुमनने ती नवी बाटली घेतली आणि पिण्याआधी आत वाकून पाहिलं. जुन्या बाटलीतलं ते पाणी आम्ही दोघी प्यायलो होतो, आणि दोघी जगलो.