सोमवारची जीप

भटक्या नांदेडकरांनो, आज मुखेडजवळच्या एका गावात जुनी फोर-बाय-फोर जीप बघायला गेलो. माझ्या बजेटमध्ये बसणारी ही एकच होती.

तिचे मालक आप्पा म्हणाले, "आज सोमवार. आमच्यात सोमवारी बैल जुंपत न्हाईत, मग जीपबी न्हाई. नुसतं बसून बघा."

लिंबाखाली उभ्या जीपमध्ये बसलो, स्टेअरिंग धरलं आणि निघालोच. घाट लागले, नद्या लागल्या, मग बर्फ.

आप्पा शेजारी येऊन बसले. "कुठवर पोचलात?"

"लडाख."

"मीबी रोज तिथंच जातो," ते हळूच म्हणाले. "गाडी मातर अहमदपूरच्या पुढं कधी गेली न्हाई."

इंजिनाचा आवाजही न ऐकता इसार देऊन आलोय. मेकॅनिक मित्र चिडलाय. तुम्ही मंगळवारपर्यंत थांबला असता?